आठ बाय बाराचा फोटो, आठ बाय दहाची फ्रेम

रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटरवर, गौतमी नदीच्या काठी पावस आहे. स्वामी स्वरूपानंदांचा (१९०३–१९७४) जन्म इथलाच. आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे त्यांनी इथेच देसायांच्या ‘अनंत निवासा’त काढली आणि त्यांची समाधीही इथेच आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी देवघरांत त्यांचा फोटो दिसतो आणि तो घराघरांतून पुढे जात राहतो. आईच्या देवघरातला फोटो सासरी गेलेल्या मुलीला हवा असतो, पुण्यात नवी जागा घेतलेल्या धाकट्या भावाला हवा असतो. पूर्वी त्यासाठी स्टुडिओ गाठावा लागे. आता मोबाइलवर फोटोचा फोटो काढायचा, घरच्या प्रिंटरवर छापायचा आणि बाजारातून तयार फ्रेम आणायची, एवढ्यावर काम होते.

पण फ्रेम मिळते ८ बाय १० इंचांची आणि हातातला फोटो असतो ४ बाय ६ च्या जातीचा, म्हणजे त्या फ्रेमच्या मानाने लांबट. मग वर्डमध्ये फोटोची एक कड माउसने धरून तो फ्रेमएवढा बसवला जातो. ८ बाय १२ व्हायला हवा होता तो ८ बाय १० होतो. उंचीतला सहावा हिस्सा दाबला जातो. चेहरा रुंदावतो, कपाळ बसके होते, खांदे पसरतात. ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांना तो चेहरा ओळखू येतो, पण पटत नाही. काय बिघडले हे मात्र सांगता येत नाही, कारण रंग ठीक असतात, कागद चांगला असतो आणि फ्रेमही घट्ट बसलेली असते.

बिघडलेले असते ते लांबी-रुंदीचे प्रमाण, ज्याला कॅमेऱ्याच्या आणि प्रिंटरच्या दुनियेत आस्पेक्ट रेशो म्हणतात. फोटो किती मोठा, याच्याशी त्याचा संबंध नाही. ४ बाय ६, ८ बाय १२ आणि १२ बाय १८ हे तिन्ही आकार लहानमोठे असले तरी प्रमाण एकच आहे: ३ ला २. लहानाचा मोठा करताना त्यात काहीही कापले जात नाही. ८ बाय १० चे प्रमाण ५ ला ४ आहे, आणि तिथे ३ ला २ चा फोटो जसाच्या तसा कधीच बसणार नाही. एका प्रमाणाचा फोटो दुसऱ्या प्रमाणाच्या कागदावर उतरवायचे तीनच मार्ग आहेत. फोटोची बाजू कापायची, कागदाची बाजू कोरी सोडायची किंवा फोटो ताणायचा. तिसरा मार्ग माणसाच्या फोटोला कधीही वापरू नये. वर्डमध्ये किंवा कुठेही फोटो लहानमोठा करायचा तर कोपरा धरून करावा, मधली कड धरून नाही. उरलेल्या दोन मार्गांत मात्र विचाराला खूप वाव आहे आणि तो विचार प्रिंटरवर सोपवला की नुकसान होते.

मुळात इतकी प्रमाणे आली कुठून? प्रत्येकामागे एकेक यंत्र आहे. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने १८९२ च्या सुमारास ठरवली. ती कॅमेऱ्यातून वरून खाली सरकते आणि तिच्यावरची एक चौकट २४ मिलिमीटर रुंद, १८ मिलिमीटर उंच असते, म्हणजे ४ ला ३. दादासाहेब फाळक्यांनी इंग्लंडहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरचीच फिल्म होती. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला तो याच प्रमाणाच्या आसपासचा. आणि नेमक्या त्याच सुमारास जर्मनीत ऑस्कर बार्नाक हा कारागीर तीच सिनेमाची फिल्म एका लहानशा साध्या कॅमेऱ्यात घालून पाहत होता. त्याने फिल्म आडवी सरकवली आणि दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. १८ चे दुप्पट ३६ झाले आणि २४ तसेच राहिले. ३६ बाय २४, म्हणजे ३ ला २. हा कॅमेरा १९२५ साली लाइका या नावाने बाजारात आला. पुढे लग्नाकार्यात आपण ज्याला ‘रोल’ म्हणत होतो तो बहुतेक याच मापाचा होता. ४ बाय ६ चे पोस्टकार्ड त्या रोलला तंतोतंत बसते, म्हणून तर ते इतके रुळले. आजचे मोठ्या लेन्सचे डिजिटल कॅमेरेही बहुतांश ३ ला २ च आहेत.

४ ला ३ वेगळ्या वाटेने घरात आले. सिनेमाची चौकट टीव्हीने उचलली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हाचा पडदा ४ ला ३ होता. टीव्हीवरून ते प्रमाण संगणकाच्या पडद्यावर गेले, पडद्यावरून सुरुवातीच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांत आणि तिथून मोबाइलच्या कॅमेऱ्यात. म्हणजे आज पावसच्या देवळाबाहेर उभा राहून कोणी मोबाइलने फोटो काढतो तेव्हा त्याच्या हातात फाळक्यांच्या जमान्यातली चौकट असते, आणि घरी जाऊन तो ती बार्नाकच्या चौकटीसाठी बनलेल्या कागदावर छापतो. दोन्ही जुळणार नाहीत, हे ओघाने आलेच.

८ बाय १० हे याहूनही जुने. मोठ्या पेटी-कॅमेऱ्यात त्या मापाची प्लेट असे आणि ती कागदावर ठेवून थेट प्रिंट निघे. फ्रेमवाल्यांकडे आजही ८ बाय १० आणि १० बाय १२ च्या थप्प्या असतात त्या या परंपरेमुळे. आणि घरातला एफोर कागद या साऱ्यांपासून अलग. वाल्टर पोर्स्टमान या जर्मन माणसाने १९२२ मध्ये त्याचे माप पक्के केले: २१० बाय २९७ मिलिमीटर. मधोमध दुमडला तरी प्रमाण तेच राहावे, ही त्यातली कल्पना होती. त्यासाठी लांबी ही रुंदीच्या १.४१४ पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतकी लागते.

इथे एक सुंदर योगायोग आहे आणि घरी छापणाऱ्याने तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. ३ भागिले २ आणि ४ भागिले ३ यांचा गुणाकार बरोबर २ येतो. म्हणजे एफोरचे प्रमाण कॅमेऱ्याच्या आणि मोबाइलच्या प्रमाणांच्या अगदी मध्यावर उभे आहे. कॅमेऱ्याचा फोटो एफोरभर छापला तर लांबीतून ५.७ टक्के जातात. मोबाइलचा छापला तर रुंदीतून तेवढेच ५.७ टक्के जातात. ज्या घरात दोन्ही प्रकारचे फोटो आहेत आणि सगळे एका मापात भिंतीवर लावायचे आहेत, तिथे एफोर हाच सर्वांत कमी नुकसानीचा कागद. ५ बाय ७ चे प्रमाण १.४ आहे, जवळपास तेच. छोट्या फ्रेमसाठी मी म्हणूनच ४ बाय ६ पेक्षा ५ बाय ७ सुचवतो.

बाकीचे हिशेब इतके सोयीचे नाहीत. मोबाइलचा ४ ला ३ फोटो ४ बाय ६ च्या कागदावर काठोकाठ छापला की अकरा टक्के जातात. कॅमेऱ्याचा ३ ला २ फोटो ८ बाय १० वर भरला की जवळजवळ सतरा. टीव्हीसारख्या रुंद १६ ला ९ चौकटीचा फोटो ४ बाय ६ वर बसवताना साडेपंधरा टक्के रुंदी गमवावी लागते. चौरस फोटो ४ बाय ६ वर भरायचा म्हटले तर तिसरा हिस्साच गेला.

सतरा टक्के म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही. समजा, गौरी-गणपतीला मुंबईहून सगळे आलेले आहेत. आरती झाली की घरासमोर अंगणात फोटो काढायचा असतो. पडवीच्या पायरीवर म्हातारी माणसे बसतात, त्यांच्या मागे मुलगे-सुना उभ्या राहतात, पोरे पुढे जमिनीवर. मागच्या रांगेत बारा जण आहेत आणि कोणाचा तरी पुतण्या मोठा कॅमेरा घेऊन समोर उभा आहे. तो चौकट नीट भरतो: या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसेच माणसे, फुकट जागा कुठेही नाही. फोटो उत्तम येतो. ८ बाय १२ वर छापला असता तर बारा इंचांत बारा माणसे, माणशी एक इंच. पण आणलेली फ्रेम ८ बाय १० ची. प्रिंटर दोन्ही बाजूंनी एकेक इंच कापतो. म्हणजे दोन्ही टोकांचा एकेक माणूस गेला. टोकाला उभे असतात कोण? मधली जागा वडीलधाऱ्यांना देऊन कडेला सरकलेली माणसे. घरातली थोरली सून, जी चहाचे आधण उतरवून शेवटी धावत आली. नाहीतर नवा जावई, ज्याला अजून कुठे उभे राहायचे ते ठाऊक नाही. तीच नेमकी नाहीशी होतात.

हाच फोटो मोबाइलने काढला आणि ४ बाय ६ वर छापला तर कात्री आडवी चालते. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोतून उंचीतले ३३३ पिक्सेल जातात, अर्धे वरून, अर्धे खालून. वरून कौलांचे आढे जाते, त्याचे फारसे दुःख नाही. खालून पुढे मांडी घालून बसलेल्या पोरांचे गुडघे जातात, आणि एखादे बाळ कोणाच्या मांडीवर आडवे असेल तर तेही. म्हणून समूहाच्या फोटोला माझा नियम साधा आहे: काहीही कापायचे नाही. आख्खा फोटो छापायचा, कागद कोरा राहिला तर राहू द्यायचा. ४ बाय ६ च्या कागदावर ४ ला ३ फोटो पूर्ण छापला तर तो ४ बाय ५.३३ इंचांचा होतो आणि दोन्ही टोकांना आठ-साडेआठ मिलिमीटरची पांढरी पट्टी उरते. तेवढ्याने काय बिघडते? नको असेल तर पट्टीला लावून कटरने उडवता येते. कोरा कागद कापता येतो, कापलेला माणूस परत आणता येत नाही.

निसर्गाच्या फोटोत मात्र उलट. तिथे कापणे हे बरेचदा सुधारणेचे काम असते. पावसहून गणेशगुळ्याला गेले की खाली लांबच लांब किनारा लागतो. मोबाइल आडवा धरून त्याचा फोटो काढला की वर निम्मे रिकामे आभाळ येते, खाली पायाजवळची ओली वाळू येते आणि पाहण्यासारखे जे आहे ते मधल्या पट्ट्यात असते. हा फोटो ३ ला २ मध्ये कापला तर उजळतो, १६ ला ९ मध्ये कापला तर बहुधा आणखी. पूर्णगड किल्ल्यावरून मुचकुंदी नदीचे मुख आणि समोरचा समुद्र एकत्र घेतला असेल तर २ ला १ इतके लांबट प्रमाणही शोभते. एफोर कागदावर तो वरती छापून खालची जागा कोरी सोडावी किंवा तीच लांब पट्टी कापून घ्यावी. माडाचे बन उभ्या ३ ला २ मध्ये चांगले दिसते, ८ बाय १० मध्ये ते आखूड आणि गुदमरलेले वाटते. देवळाचा कळस घेताना उभी चौकट लागते आणि वर थोडे आभाळ सोडावे लागते. कळसाच्या टोकाला कागदाची कड लागली की डोळा तिथेच अडतो. एकट्या माणसाच्या चेहऱ्याला ८ बाय १० चे थोडे बुटके, शांत प्रमाण फार छान जुळते. जुने स्टुडिओवाले त्याच मापात पोर्ट्रेट देत आले, त्यात अनुभव होता. आंब्याचे, मोदकाचे, रांगोळीचे फोटो चौरस करून पाहावेत. गोल वस्तूला चारी बाजूंनी सारखी जागा मिळाली की ती स्थिर दिसते.

हे सगळे करता येण्यासाठी फोटो काढतानाच थोडी सावधगिरी हवी. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ४ ला ३, १६ ला ९, चौरस आणि ‘फुल’ असे पर्याय असतात. ‘फुल’ किंवा १६ ला ९ निवडले की पडदा भरून चित्र दिसते आणि जास्त काही मिळाल्यासारखे वाटते. बहुतेक मोबाइलमध्ये प्रत्यक्षात घडते उलटे. आतला सेन्सर ४ ला ३ आहे. १६ ला ९ म्हणजे त्यातला पाव भाग फोटो काढतानाच टाकून दिला. तो नंतर कुठूनही मिळत नाही. तेव्हा मोबाइल कायम ४ ला ३ वर ठेवावा आणि चौकटीच्या चारही बाजूंना बोटभर जागा मोकळी सोडावी. कापायचे ते नंतर, घरी, डोळ्यांसमोर, आणि तेही मूळ फोटोची प्रत करून तिच्यावर.

आता प्रिंटर. घरच्या इंक टँक प्रिंटरवर छापताना फोटो तीन ठिकाणी नकळत कापला जातो आणि तिन्ही ठिकाणचे नुकसान एकत्र होते. पहिले ठिकाण संगणकात. विंडोजमध्ये फोटोवर उजवी क्लिक करून प्रिंट दिले की छपाईची जी खिडकी उघडते तिच्यात तळाशी ‘फिट पिक्चर टू फ्रेम’ असे लिहिलेले असते आणि त्यावर टिक आधीपासून असते. नाव वाचून वाटते की फोटो चौकटीत मावेल. ती टिक खरे तर चौकट भरते आणि उरलेले कापते. टिक काढली की फोटो पूर्ण येतो. दुसरे ठिकाण बॉर्डरलेस छपाई. कागदाला पांढरी कड राहू नये म्हणून प्रिंटर फोटो कागदापेक्षा किंचित मोठा करतो आणि शाई कडेबाहेर सांडू देतो. दोन्हीकडून अडीच-अडीच मिलिमीटर गेले तर ४ इंचांच्या बाजूत पाच टक्के झाले. काही प्रिंटरांत हा फैलाव कमी करायची सोय असते, ती सर्वांत कमीवर ठेवावी. तिसरे ठिकाण फ्रेम. तिच्या पट्टीची आतली कड चारी बाजूंनी काही मिलिमीटर झाकते. कोणाची सही, तारीख किंवा कडेला उभ्या माणसाचा कान नेमका तिथे असतो.

कागदाचे माप प्रिंटरला खरे सांगणे हेही विसरले जाते. अनेक प्रोग्राम अमेरिकेतल्या ‘लेटर’ मापावर ठेवलेले असतात, ते एफोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि साडेसतरा मिलिमीटर आखूड. ट्रेमध्ये एफोर आणि सेटिंगमध्ये लेटर असेल तर फोटो एका बाजूला सरकतो किंवा त्याची कड जाते, आणि माणूस प्रिंटरला दोष देत बसतो. महागडा फोटो पेपर घालण्याआधी साध्या कागदावर ड्राफ्टमध्ये एक प्रत काढावी. काय कापले जाते ते एका मिनिटात दिसते.

एफोर फोटो पेपरावर अनेक फोटो एकत्र छापून कापून घेणे स्वस्त पडते. त्यातही प्रमाणाचा हिशेब आडवा येतो. ४ बाय ६ चे चार फोटो एफोरवर बसतील असे सगळ्यांना वाटते. रुंदीत दोन बसतात, पण उंचीत दोन लावायला ३०५ मिलिमीटर लागतात आणि कागद आहे २९७. आठ मिलिमीटरसाठी चौथा राहतो. खाली एक आडवा घातला तर तीन होतात. मोबाइलचे ४ ला ३ फोटो मात्र १०० बाय १३३ मिलिमीटरचे केले की चार व्यवस्थित बसतात, एकही न कापता, आणि कटर फिरवायला मध्ये जागाही राहते. मोबाइलवर फोटो काढणाऱ्या घरात ४ बाय ६ ची पाकिटे घेण्यापेक्षा एफोर फोटो पेपर आणि एक चांगला कटर घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

फोटो कुठून आला हेही पाहावे. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोची मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो सव्वापाच इंचांपर्यंत खणखणीत छापतो, त्यापुढे चेहरे मऊ होत जातात. त्यात आणखी कापाकापी केली तर हातात फार थोडे राहते. मोठी प्रत हवी असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावा.

कोरी कड वाया गेली असे ज्यांना वाटते त्यांनी ती माउंटमध्ये बदलावी. फ्रेम आणि फोटो यांच्यामध्ये जाड कार्डाची चौकट घालायची, तिला फ्रेमवाले माउंट म्हणतात. आणि इथे मापे अशी जुळतात की मुद्दाम ठरवल्यासारखी वाटावीत. मोबाइलचा फोटो ६ बाय ८ इंचांत पूर्ण छापा, चारही बाजूंना एकेक इंचाचा माउंट घ्या: तयार होते ८ बाय १०. म्हणजे सर्वांत सहज मिळणारी फ्रेम. कॅमेऱ्याचा ४ बाय ६ चा फोटो एकेक इंचाच्या माउंटने ६ बाय ८ च्या फ्रेममध्ये बसतो. ८ बाय १२ चा दोन-दोन इंचांच्या माउंटने १२ बाय १६ मध्ये. कुठेही काहीही कापले जात नाही आणि भिंतीवर फोटो उठून दिसतो.

कोकणात माउंट घालण्याला दुसरेही कारण आहे, आणि ते दिसण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. काचेला टेकलेला फोटो दमट हवेत काचेला चिकटतो, आणि काढायला गेले की शाईचा पापुद्रा काचेवरच राहतो. माउंटमुळे फोटो आणि काच यांत फट राहते. छापलेला फोटो एक दिवस उघडा वाळू द्यावा आणि मगच फ्रेम बंद करावी. पावसाळ्यात उघडलेले फोटो पेपरचे पाकीट हवाबंद पिशवीत ठेवावे, नाहीतर कागदाचे कोपरे वळतात आणि छापताना प्रिंटरच्या डोक्याला घासतात. फ्रेम शक्यतो समुद्राकडच्या, पावसाची झड खाणाऱ्या भिंतीवर लावू नये.

शेवटी जुन्या फोटोंविषयी, कारण घरी छापण्याचा खरा लाभ त्यांनाच आहे. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे अनेक घरांत आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा होता. १२० च्या रोलवर त्यात सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा चौरस फोटो निघत. काळ्या पानांच्या अल्बममध्ये चार कोपऱ्यांत अडकवलेले ते छोटे चौरस अजून बऱ्याच कपाटांत आहेत. ते मोठे करायला दिले की दुकानात हमखास ४ बाय ६ किंवा ८ बाय १० चा साचा लावला जातो आणि वरचे-खालचे जाते. ज्याने तो फोटो काढला त्याने कॅमेरा डोळ्याला लावून, चौरसात पाहून माणसे उभी केली होती. वर आंब्याची फांदी, खाली अंगणातली रांगोळी, मध्ये आजी. चौरस हा त्या फोटोचा भागच आहे. तो ६ बाय ६ इंचांत छापावा. ८ बाय १० च्या फ्रेममध्ये घालताना दोन्ही बाजूंना एकेक आणि वर-खाली दोन-दोन इंचांचा माउंट घ्यावा. खालची पट्टी वरच्यापेक्षा पाव इंच जास्त ठेवली तर फोटो घसरल्यासारखा दिसत नाही.

अशा फोटोचा मोबाइलने फोटो घेताना तो फ्रेममधून बाहेर काढावा, पडवीतल्या सावलीच्या उजेडात जमिनीवर सपाट ठेवावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि मोबाइल अगदी समांतर धरावा. थोडा जरी कललेला असला तरी चौरसाचा तिरकस चौकोन होतो, आणि तो सरळ करणारे अॅप प्रमाण स्वतःच्या अंदाजाने ठरवते. फोटो ताणला गेला की नाही हे ओळखायची सोपी खूण अशी: त्यात काहीतरी गोल शोधावे. कपाळावरचे ठसठशीत कुंकू, समोरून दिसणारे सायकलचे चाक, भिंतीवरचे घड्याळ. गोल ते गोलच छापले पाहिजे. तसे काही नसेल तर मूळ फोटो पट्टीने मोजावा आणि छापलेल्याशी ताडून पाहावा.

आणि एवढे जमले की छापलेल्या प्रतीमागे पेन्सिलीने सगळ्यांची नावे, गाव आणि साल लिहावे. बॉलपेन वापरू नये, त्याचा उमटा पुढच्या बाजूला येतो. मूळ फोटोच्या कडा मात्र कधीही कात्रीने सारख्या करू नयेत.